केळुसकरांच्या छताला पडलेला प्रश्न

सुधीर केळुसकर ‘ओल-गळती अभ्यासक मंडळा’चा सभासद आहे, ही गोष्ट त्याच्या बायकोखेरीज जगात कोणालाच ठाऊक नव्हती. मंडळाला तर नव्हतीच.

हे मंडळ इंटरनेटवर भरतं. महाराष्ट्रभरातले सिव्हिल इंजिनिअर, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले साहेब, ठेकेदार आणि वॉटरप्रूफिंगवाले तिथे एकमेकांना भिंतींचे फोटो दाखवतात आणि त्यावरून भांडतात. सुधीर यांपैकी कोणीच नव्हता. न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो कागदपत्रं बघायचा. कंटेनर अडकला की कस्टमच्या कसल्याही साहेबापुढे उभा राहून तो सोडवून आणायचा, आणि वर त्याच साहेबाकडून चहा पिऊन यायचा. पण मंडळात शिरलं की त्याची दातखीळ बसायची. कधीतरी बाथरूमच्या टाइल्सबद्दल काही शोधताना तो चुकून तिथे पोचला होता, आणि माणसं मालिकेला चिकटतात तसा चिकटला. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तो लोकांच्या गच्च्या वाचायचा. साऱ्या महाराष्ट्राची घरं गळत होती आणि ह्याचा वेळ मजेत जात होता.

मंडळातली सगळी थोर माणसं त्याला स्वभावासकट पाठ होती. नाशिकचे नंदकिशोर वॉटरप्रूफिंगचं रसायन विकायचे आणि भेगेपासून भूकंपापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्याच एका डब्याचे दोन हात सुचवायचे. आणि कोल्हापूरचे बाबासो. बाबासो म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता. सगळी हयात धरणं आणि पूल बांधण्यात गेलेली, त्यामुळे बाथरूमकडे बघण्याची त्यांची दृष्टी जराशी वरूनच होती. त्यांची उत्तरं चार शब्दांच्या पुढे सहसा जात नसत. ‘फोटो नाही, प्रश्न नाही.’ ‘आधी मोजा, मग बोला.’ एका प्राध्यापकांनी गच्चीबद्दल पानभर लिहिलं होतं, त्यावर बाबासोंनी लिहिलं, ‘प्रश्न कुठाय?’ ते प्राध्यापक पुन्हा मंडळात दिसले नाहीत.

एकदा वाचता वाचता सुधीरचा अंगठा बाबासोंच्या उत्तराखालच्या पसंतीच्या खुणेवर पडला. त्याने घाबरून ती खूण काढली. मग त्याला वाटलं, काढली म्हणजे आपण असहमती दाखवली असं होईल. म्हणून पुन्हा दिली. मग वाटलं, आता आपण चळ लागल्यासारखे दिसत असू. शेवटी त्याने फोनच बंद केला, आणि त्या दिवशी ऑफिसात एका कंटेनरभर खजुराचा पत्ता लागेना म्हणून साहेब त्याला फोनवर फोन करत राहिले.

अशा माणसाच्या स्वतःच्याच बेडरूमच्या छताला ओल आली.

सुरुवातीला डाग लिंबाएवढा होता. पुढे तो वाढला, त्याला कडा आल्या, मध्ये पिवळट झाक आली, रंगाचे पापुद्रे कपाटावर पडायला लागले. उलव्यात शेजारधर्म अजून टिकून असल्यामुळे डाग बघायला माणसं येऊ लागली. कोणाला त्यात श्रीलंका दिसली, कोणाला बसलेला उंट. तळमजल्यावरच्या एका काकूंनी तो वायव्येला असल्यामुळे घरातल्या पुरुषाच्या बढतीला वाईट असल्याचं सांगितलं. एका गृहस्थांनी टाचणीने टोचून बघितलं आणि खाली मान घालून निघून गेले, ते का, हे कळलं नाही. सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. डाग छताला आहे, छताच्या वर गोजराआजींचं घर आहे, म्हणजे गळतं ते गोजराआजींचं बाथरूम.

‘ह्यात विचार करण्यासारखं काहीच नाही,’ सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी बाजीराव जगदाळे म्हणाले. बाजीराव मूळचे कऱ्हाडकडचे. त्यांना नोटीस काढायला फार आवडे. लिफ्टमध्ये त्यांच्या नोटिसा एकमेकींवर इतक्या चिकटलेल्या होत्या की लिफ्टची भिंत आता कापसासारखी लागायची. ‘पाणी वरून खाली येतं. हे शाळेतल्या पोरालाबी ठावं असतंय. वरचं बाथरूम फोडायचं, नवीन वॉटरप्रूफिंग करायचं, इषय संपला.’

गोजराआजींचा मुलगा धनेश ह्या मीटिंगला हजर होता. इमारत ज्या प्लॉटवर होती तो मूळ ह्यांचाच. धनेशचे ट्रेलर बंदरात चालायचे. तो भांडकुदळ नव्हता, पण त्याची पंचाईत होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्याने आत्ताच ते बाथरूम नवं करून घेतलं होतं. न घसरणाऱ्या टाइल्स, धरायला दांडे, उंच कमोड.

‘तोडायला माजी ना नाय, केळुसकर भाऊ,’ तो सुधीरला म्हणाला. ‘शेजाऱ्याचं नुकसान आमाला नको. पन काम होईपर्यंत आयेला उरणला माझ्या बहिणीकडे ठेवायला लागंल. सुचिताकडे जागा हाय, पन तिच्याकडे बसायचा कमोड नाय, आनि जिना असा हाय ना, की आय एकदा चढली ती काम संपेपर्यंत काय उतरत नाय.’

सुधीर अस्वस्थ झाला. कारण त्याला एक गोष्ट माहीत होती. मंडळात ती शंभरदा वाचलेली होती. काहीही फोडण्याआधी वरच्या बाथरूमची मोरी बंद करून तिथे रंग घातलेलं पाणी साठवून ठेवायचं, आणि खाली तो रंग उतरतो का बघायचं. दुसरं म्हणजे त्याचा डाग सकाळी ओला असायचा आणि दुपारनंतर वाळायचा. हे त्याला विचित्र वाटत होतं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘नाही म्हणजे, ते, पाणी जर साठवून...’

‘पाणी साठवण्याचा इषय पुढच्या मीटिंगला,’ बाजीराव म्हणाले. ‘टँकरचा खर्च त्यातच घेऊ.’

सुधीर खाली बसला.

घरी आल्यावर त्याची बायको गीतांजली म्हणाली, ‘इतकी वर्षं फोनवर लोकांच्या मोऱ्या वाचतोयस. विचार की त्यांना.’

‘कोणाला?’

‘तुझ्या त्या बाबासोंना.’

माहेरच्या माणसांबद्दल बोलावं इतक्या सहजपणे तिने ते नाव घेतलं. ‘अगं, ती तज्ज्ञ माणसं आहेत,’ तो म्हणाला.

‘मग? ज्यांना येत नाही त्यांना विचारून काय करणार आहेस?’

शेवटी त्याने लिहायला घेतलं. पहिला मसुदा ‘सर्व मान्यवर तज्ज्ञांस सादर प्रणाम’ इथून सुरू झाला. आपण या क्षेत्रातले नसूनही आगंतुकपणे लिहीत आहोत, वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, प्रश्न बाळबोध वाटल्यास तो दुर्लक्षित करावा, लेखनात अनुस्वार वगैरे राहून गेल्यास उदार मनाने पदरात घ्यावं, असं करत करत तो जेव्हा छतापर्यंत पोचला तेव्हा गीतांजलीने खांद्यावरून डोकावून बघितलं.

‘हा प्रश्न आहे की दयेचा अर्ज?’ ती म्हणाली.

दुसऱ्या मसुद्यात छत त्याच्या एका मित्राचं होतं. त्यावर तिने विचारलं, ‘आणि त्यांनी विचारलं, डाग सकाळी ओला असतो हे तुम्हाला कसं माहीत, तर? सकाळी सकाळी मित्राच्या बेडरूममध्ये काय करतोस म्हणून सांगणार?’

तिसरा मसुदा त्याने इंजिनिअरच्या थाटात लिहिला. त्यात ‘केशाकर्षण’ हा शब्द दोनदा आला. मग बाबासोंनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं तर, या कल्पनेने तोही पुसला.

तोवर केळुसकर कुठल्यातरी मोठ्या इंजिनिअरांना पत्र लिहितायत ही बातमी गीतांजलीमार्फत भाजीवाल्यापर्यंत आणि तिथून सगळ्या विंगमध्ये पोचली. आता डागाऐवजी पत्रावर सल्ले येऊ लागले. एकाने इंग्रजीतून लिहा म्हटलं, म्हणजे ते घाबरून नीट उत्तर देतात. दुसऱ्याने स्वतःचं नाव अजिबात देऊ नका म्हटलं, त्याच्या मेव्हण्याने एकदा नाव दिलं तर त्याला अजून गालिच्यांच्या जाहिराती येतात. बाजीराव खास वर आले. त्यांचं म्हणणं, सोसायटीची बदनामी व्हायला नको, तेव्हा उलवे हे नाव टाळून ‘कोकण किनारपट्टीवरील एक इमारत’ असं लिहावं. सुधीरने हे सगळं मान हलवून ऐकून घेतलं. माणूस स्वभावाने भिडस्त असला की त्याच्यावर सल्ल्यांची अशीच ओल चढत जाते.

फोडायचा दिवस शनिवार ठरला. शुक्रवारी संध्याकाळी धनेशची आईला उरणला नेण्याची तयारी चालली होती. जिन्यात सुधीरची आणि आजींची गाठ पडली. कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरत होत्या. डॉक्टरांनी जिन्याचा व्यायाम सांगितला होता.

‘मना लेकीकडे जावाला काय नाय रं,’ त्या दम खात म्हणाल्या. ‘पन तिकडचा सगला खाली बसायचा कारभार. कवा पडेन त्याचा नेम नाय.’ मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, ‘तू का तोंड पाडलंस? तुजं छत मी मुद्दाम भिजवलंय का?’

सुधीर घरी आला आणि बूटही न काढता फोन घेऊन बसला. त्याने चार ओळी लिहिल्या. स्वतःचं नाव दिलं, उलवे लिहिलं, छताला ओल आहे, उद्या वरचं बाथरूम फोडणार आहेत, त्याआधी काही बघता येईल का, असं विचारलं. फोटो जोडला. डोळे मिटले आणि पाठवलं. लगेच फोन कपाटावर उलटा ठेवून तो खाली चक्कर मारायला गेला, कारण उत्तर येताना आपण तिथे असणं त्याला सोसवणारं नव्हतं.

परत आला तेव्हा मंडळात गर्दी झाली होती. त्याला सुखद धक्का बसला. इतक्या वर्षांत त्याने वाचलेली सगळी नावं आज त्याच्या छताखाली जमली होती, आणि एकही माणूस त्याला हसत नव्हता. उलट सगळे गंभीर होते. साताऱ्याच्या एका इंजिनिअरने लिहिलं होतं, ‘स्लॅबमध्ये सर्वदूर पोकळ्या दिसत आहेत. काँक्रीट भरताना नीट ठोकलेलं नाही.’ नंदकिशोरांनी लिहिलं होतं, ‘परिस्थिती अवघड आहे, तरी आमचे दोन हात देऊन बघावेत.’ ठाण्याच्या एका ठेकेदाराने लिहिलं होतं, ‘कडेला जळकट तपकिरी पट्टा आहे. आत शॉर्टसर्किट झालं आहे का?’ आणि त्याखाली कुठल्यातरी अनुभवी माणसाने: ‘तीस वर्षांत इतका सच्छिद्र स्लॅब पाहिला नाही. केळुसकर, तिथे झोपू नका. शक्य तर घर रिकामं करा.’

सुधीरने गीतांजलीला हाक मारली. तिने ते वाचलं आणि काही न बोलता कपाटातून दागिन्यांची पिशवी काढली. दोघांनी मिळून पलंग हॉलमध्ये ओढला. तो दारात अडकला, तेव्हा आवाजाने बाजीराव धावत आले. त्यांनाही फोन दाखवला. बाजीरावांनी बेडरूमच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून मान वाकडी करून छताकडे बघितलं. ‘मी म्हणत हुतो,’ ते हळू आवाजात म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर स्लॅब येईल. मग नोटीस काढावी का सरळ अग्निशमन दलाला फोन करावा याचा विचार करत ते पलंगावर, म्हणजे दारात अडकलेल्या भागावर, टेकले.

तेवढ्यात फोन टिंग वाजला. बाबासो आले होते. त्यांनी लिहिलं होतं:

‘ही आंबोळी आहे.’

सुधीरने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने स्वतःच पाठवलेला फोटो पहिल्यांदा नीट बघितला. गेल्या रविवारी त्याने स्वतःच्या हाताने केलेली, आयुष्यातली पहिली न फाटलेली आंबोळी. पांढऱ्या ताटलीत, अगदी जवळून. जाळी सुंदर सुटलेली, कडेला खरपूस तपकिरी पट्टा. वेंगुर्ल्याला बहिणीला दाखवायला म्हणून फोटो काढला होता. छताचा फोटो त्याच्या शेजारीच होता. अंगठा एक बोट इकडे पडला होता.

‘काय झालं?’ बाजीरावांनी विचारलं.

‘धोका टळला,’ सुधीर म्हणाला.

बाजीराव गेल्यावर गीतांजलीने पदर तोंडात कोंबून हसून घेतलं. सुधीर हसला नाही. त्याने मंडळाकडे पुन्हा पाहिलंही नाही. फोन त्याने स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवला, आणि इतकी वर्षं गप्प राहून कमावलेली अब्रू आपण एका संध्याकाळी, तीही खोबऱ्याच्या चटणीशिवाय, घालवली, असा विचार करत हॉलमधल्या पलंगावर पडून राहिला.

सकाळी जिन्यात घण वाजला. कामगार आले होते. एकाच्या खांद्यावर छिन्न्यांची पिशवी होती. मागून बाजीराव, त्यामागून धनेश. सुधीर दार उघडून बघत उभा राहिला. वरून दारावर थापा मारल्याचा आवाज आला, मग धनेशचा: ‘आये, दार उघड. माणसं आलीत.’

‘मी आंगोलीला बसलेय,’ आतून गोजराआजींचा आवाज आला.

‘आत्ता तर झाली तुजी आंगोळ.’

‘ती नीट नवती झाली.’

धनेशने आणखी एक थाप मारली. मग पुन्हा आजी: ‘आनि आज मना केस पन धुवाचेत. तुमी चा पिऊन घ्या.’

सुधीर खाली उभा राहून हे ऐकत होता. एक म्हातारी बाई आपलं बाथरूम वाचवायला आतून कडी घालून बसली होती, आणि आपण फोनकडे बघायला घाबरत होतो, ही तुलना काही त्याच्या बाजूची नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला. फोन उचलला. मंडळात काय काय लिहिलं असेल ते न वाचता त्याने आधी छताचा खरा फोटो शोधला, तीनदा खात्री करून घेतली, जोडला आणि लिहिलं: ‘काल चुकून आंबोळी पाठवली. हे छत आहे. डाग सकाळी ओला, दुपारी सुका. वर माणसं घण घेऊन उभी आहेत. कृपया मदत करा.’

मग तो वाट बघत तिथेच उभा राहिला. पळून गेला नाही, याची नोंद व्हायला हवी, कारण ओट्याजवळून दार अगदी जवळ होतं.

पहिलं उत्तर साताऱ्याचं होतं. ‘आलात का. आम्ही रात्रभर वाट बघतोय.’ ठाण्याच्या ठेकेदाराने लिहिलं, ‘माझ्या बायकोने आंबोळीचं प्रमाण विचारलंय, पण आधी छत.’ नंदकिशोरांनी लिहिलं, ‘माझीच चूक, मी आंबोळीला दोन हात सांगितले.’ त्याखाली एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा गच्चीऐवजी नवऱ्याच्या टकलाचा फोटो पाठवला होता, आणि त्यालाही दोन हात सुचवले गेले होते. सुधीर वाचत राहिला. इतकी वर्षं ज्यांना तो घाबरला ती माणसं अगदी आपल्या विंगमधल्या माणसांसारखीच होती. फरक इतकाच की ह्यांना ओलीतलं कळत होतं.

मग बाबासो आले. ‘प्रश्न चांगला आहे,’ त्यांनी लिहिलं.

बाबासोंनी असं कोणाला लिहिलेलं सुधीरने आजवर वाचलेलं नव्हतं.

‘तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?’

‘सकाळी. थोडा वेळ. आत्ता चालू आहे.’

‘डागाच्या वर काय ते सोडा. डागाच्या भिंतीपलीकडे काय?’

सुधीरने मनातल्या मनात घरातून फेरी मारली. बेडरूमची ती भिंत. तिच्या पलीकडे त्यांचं स्वतःचं बाथरूम. बाथरूमच्या वर माळा. माळ्यावर पाण्याची टाकी, कारण पाणी थोडाच वेळ येतं म्हणून ती बिल्डरनेच दिलेली. आणि टाकीपुढे जे काही होतं ते सामान. त्याने तसं लिहिलं.

‘माळ्यावर चढा. पाणी चालू असतानाच,’ बाबासोंनी लिहिलं. ‘वरच्यांना पाच मिनिटं थांबवा.’

‘गीतांजली,’ सुधीर म्हणाला, ‘स्टूल.’

माळा उघडणं हे घरातलं एक मोठं प्रकरण असतं, त्याला मुहूर्त लागतो. इथे मुहूर्त नव्हता. आधी गादी बाहेर आली, मग गणपतीच्या मखराचे खांब, मग लग्नात आलेलं तांब्याचं घंगाळ, जे घासायला नको म्हणून वर गेलं होतं, मग पोट कमी करायचं एक यंत्र, जे खोक्यातून कधी बाहेरच आलं नव्हतं. गीतांजली खालून एकेक घेत होती आणि प्रत्येक वस्तूबद्दल काहीतरी बोलत होती, पण सुधीरचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पोटावर सरपटत आत गेला. टाकी भरत होती. आधी काहीच दिसलं नाही. मग सूं असा बारीक आवाज आला, आणि तोंडावर गार पाण्याची सुई बसली.

टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपच्या जोडावर केसाएवढी चीर होती. त्यातून पाण्याची एक बारीक धार ताठ उभी वर जात होती आणि माळ्याच्या छतावर, भिंतीच्या अगदी कडेला आपटत होती. तिथला गिलावा भिजून काळा पडला होता. ती ओल भिंतीवरून पुढे सरकत सरकत बेडरूममध्ये श्रीलंका होऊन उतरली होती. पाणी वरून खाली येतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते खालून वर उडून मग बाजूला जाऊ शकतं, हे शाळेत शिकवत नाहीत.

सुधीरने धारेवर अंगठा दाबला आणि ओरडला, ‘कॉक बंद कर.’ गीतांजलीने कॉक बंद केला. धार मेली. तो तसाच मागे सरपटत उतरला, आणि डोक्यात कोळ्याची जाळी, शर्ट चिंब, अशा अवतारात जिना चढून वर गेला.

वर सगळे चहा पीत होते. बाथरूमचं दार अजून बंद होतं.

‘थांबा,’ सुधीर म्हणाला. ‘फोडू नका काही. गळती वरची नाही. आमचीच आहे. आमच्या माळ्यावरचा पाइप.’

त्याच्या शर्टातून पाणी टपकत होतं, त्यामुळे पुरावा मागायची कोणाला गरज वाटली नाही. बाजीरावांनी कप खाली ठेवला. ‘पण पाणी तर वरून...’ एवढं म्हणून ते थांबले, आणि खिशातून काढून ठेवलेली नोटीस त्यांनी दुमडून पुन्हा खिशात घातली.

‘चूक माझी आहे, धनेश,’ सुधीर म्हणाला. ‘मीटिंगमध्ये मला शंका आली होती. मी बोललो नाही. तुम्हाला सगळ्यांना उगाच त्रास.’

धनेशने इतका मोठा उसासा टाकला की शेजारच्या कामगाराच्या चहावर तरंग आले. ‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘मी रात्री झोपलो नवतो. आयेला त्या जिन्यावरनं कसं चढवायचं हाच विचार.’ आणि त्याने बाथरूमच्या दारावर थाप मारली. ‘आये, ये बाहेर. वाचलं तुजं.’

कडी निघाली. गोजराआजी बाहेर आल्या. केस कोरडे ठणठणीत होते, पण त्याचा उल्लेख कोणी केला नाही. त्यांनी सुधीरला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘कवापासून म्हाईत होतं?’ त्यांनी विचारलं.

‘आत्ता कळलं, आजी. विचारल्यावर.’

‘मंग आदीच ईचारायचं नाय का? कनाला लाजलास येवढा?’

सुधीर कसनुसा हसला. आजींनी त्याच्या हाती टॉवेल दिला आणि त्याला आत नेऊन ज्याच्यावरून इतकं रामायण झालं ते बाथरूम दाखवलं. सुधीरने ते तोपर्यंत बघितलेलंच नव्हतं. दांडे खरोखर छान होते. त्याने एक धरूनही बघितला.

मग तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला आणि त्याने मंडळाला कळवलं, कारण निकाल कळवायचा असा तिथला नियम आहे. माळा, पाइप, चीर, सगळं लिहिलं, आणि चूक आमच्याच घरातली होती हेही लिहिलं. लोकांनी आनंद केला. नंदकिशोरांनी पाइपच्या जोडालाही दोन हात चालतील असं सुचवलं. बाबासोंनी लिहिलं, ‘बरं झालं.’

गोजराआजी हे सगळं त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. ‘तो कोन बाबासो?’

‘कोल्हापूरचे आहेत. फार मोठे इंजिनिअर.’

‘त्याला भिंतीचं कलतं?’

‘सगळं कळतं.’

‘मंग त्याला ईचार,’ आजी चहा गाळत म्हणाल्या, ‘आमचे गावातले घराला लोना लागलाय, खार फुटतो. खाडीकडची भित. दर साली चुना लावतो, दर साली गलून पडतो. काय करावा त्याला?’

सुधीरने हो म्हणून मान हलवली आणि लगेच लिहायला घेतलं. सादर प्रणाम नाही, क्षमस्व नाही. ‘आमच्या शेजारच्या आजींचं खाडीकाठी जुनं घर आहे. घरातल्या भितीला लोणा लागला आहे. दर वर्षी चुना गळून पडतो. काय करावं?’ आणि पाठवून दिलं.

पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं, भिंतीवरचा अनुस्वार राहिला होता. त्याने तो शब्द पुन्हा एकदा वाचला.

‘काय झालं?’ आजींनी विचारलं.

‘काही नाही,’ सुधीर म्हणाला, आणि फोन टेबलावर सुलटा ठेवून त्याने चहाची कपबशी पुढे ओढली.